भूकंप आणि गच्चीचा कठडा

भूकंप म्हटला की ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवते. तेथे दगड-मातीच्या जाड भिंतींनी झोपेतल्या माणसांना गाडले. आपण आता काँक्रीटच्या इमारतीत राहतो, म्हणून निर्धास्त असतो. इमारत कदाचित उभी राहीलही. परंतु तिला वरून-बाहेरून जोडलेल्या कठड्याचे, टाकीचे, सज्जाचे काय? विद्यार्थी मित्रांनी पुढील मजकूर कागद-पेन्सिल घेऊन वाचावा.

मजल्याचा स्लॅब सर्व खांबांना एकत्र बांधतो आणि भूकंपाचा आडवा जोर त्यांच्यात वाटून देतो. अभियंते त्याला डायफ्राम म्हणतात. गणितात मजल्याचे वजन स्लॅबच्या पातळीवर एकवटलेले धरतात. कठड्याचे वजनही त्यातच मिळवतात आणि ते योग्यच आहे, कारण तो भार इमारतीलाच पेलायचा असतो. मात्र संगणकाने इमारत सुरक्षित ठरवली म्हणजे कठडाही सुरक्षित ठरला, असे नव्हे. त्याचा हिशेब वेगळा करावा लागतो. तो फक्त तळाशी धरलेला, वर मोकळा. शिवाय गच्ची जमिनीपेक्षा जास्त हलते. म्हणून भारतीय मानक १८९३ च्या २००२ व २०१६ च्या आवृत्त्यांत गच्चीवरच्या अशा उभ्या भागांसाठी इमारतीच्या आडव्या गुणांकाच्या पाचपट गुणांक घेण्यास सांगितले आहे.

उदाहरण घेऊ. २०१६ च्या आवृत्तीत मुंबई तिसऱ्या विभागात आहे. तेथील साध्या काँक्रीट चौकटीच्या बैठ्या इमारतीचा गुणांक सुमारे ०.०६७ येतो. कठडा विटांचा, एक मीटर उंच, साडेअकरा सेंटिमीटर जाड. एक मीटर लांबीचे वजन सुमारे २२० किलो. इमारतीचाच गुणांक लावला तर आडवा जोर १५ किलो. तो अर्ध्या उंचीवर धरला तर उलथवणारा परिणाम साडेसात किलो-मीटर. कठड्याचे स्वतःचे वजन त्याला १२.६ किलो-मीटरने रोखते. म्हणजे कागदावर कठडा उभा! आता पाचपट गुणांक लावा. जोर ७३ किलो, परिणाम जवळजवळ ३७. सिमेंटची पकड सुटली की कठडा खाली येणार. जाडी दुप्पट करून पाहा, तरीही तो उलथतोच. वजन वाढते तसा जोरही वाढतो.

तेव्हा उपाय जाडीत नाही, बांधणीत आहे. स्लॅबमधूनच सळ्या वर काढून काँक्रीटचे छोटे खांब उभे करावेत आणि डोक्यावर काँक्रीटचा पट्टा फिरवावा. स्लॅब भरताना हे स्वस्तात होते. पण कठडा पुष्कळदा नकाशात एका रेषेपुरताच असतो, आणि शेवटी पैसे संपत आल्यावर गवंड्याच्या मर्जीने उभा राहतो. त्यावर आपण कुंड्याही मांडतो!

टाकीलाही वरचाच पाचपटीचा नियम लागू आहे. नुसती ओट्यावर ठेवलेली टाकी सरकते, ती बांधून घ्यावी. सज्जा व बाल्कनी आडव्या बाहेर येतात, म्हणून त्यांना उभ्या दिशेच्या गुणांकाची पाचपट धरतात. बाल्कनीत वरची सळई महत्त्वाची असते. काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायांखाली ती दबून खाली जाते. त्या दिवशी संस्थेच्या कोणीतरी तेथे उभे राहावे.