माल वाढला, मजुरी का नाही?

गेल्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर एका मुलाने आम्हांला पगाराची चिठ्ठी दाखवली. कांजूरमार्गच्या एका गाळ्यात तो प्रेसवर काम करतो. पगार वाढवा म्हटले, तर मालक म्हणतो, "आधी उत्पादन वाढव!"

पूर्वी स्टेशनच्या पूर्वेला क्रॉम्प्टन ग्रीव्हजचा कारखाना होता. 'मुलगा कंपनीत आहे' एवढ्यावर सोयरीक जमे. पुढे ती जमीन इमारतींसाठी विकली गेली.

मालकाचे हे वाक्य जुनेच आहे. 1928 साली मुंबईच्या गिरणीमालकांनाही विणकराकडून दोनऐवजी तीन माग चालवून घ्यायचे होते. त्यावर सहा महिने संप चालला. पण आपल्या माणसाला तेव्हा मागाजवळच जाऊ देत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याचे ओठ लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. म्हणून जास्त मजुरीचे विणखाते आपल्याला बंद! बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला. मेहनतीत आपण कुठे कमी होतो? मजुरी ठरली ती उभे कुठे केले त्यावरून.

आता आजचा हिशेब. सरकारी उद्योग पाहणीनुसार, कच्चा माल आणि घसारा वजा जाता कारखान्यात जी मूल्याची भर पडते, तिच्या रुपयातले सुमारे 30 पैसे 1980 च्या सुमारास कामगारांच्या मजुरीला जात. 2007-08 पर्यंत ते 10 पैशांच्या आसपास आले. या काळात दर कामगारामागे उत्पादन मात्र कितीतरी वाढले. यंत्राला भांडवल लागते, हे बी.कॉम.ला आम्हीही शिकलो. पण रात्रपाळीला यंत्र एकटे येत नाही! शिवाय मध्ये कंत्राटदार आहे. 2022-23 मध्ये नोंदणीकृत कारखान्यांतले दहापैकी चार कामगार कंत्राटी होते. जो केव्हाही काढला जाऊ शकतो, तो वाटा कसा मागणार?

त्या मुलाची चिठ्ठी आम्ही नीट पाहिली. आठ तासांचे 560 रुपये, म्हणजे तासाला 70. रोज दोन तास जादा काम, त्याचे 140 मिळतात. कायद्याने जादा तासाला दुप्पट दर, म्हणजे 280 हवेत. 26 दिवसांचे 3,640 रुपये बुडाले. त्याच्या आईने आकडा दोनदा विचारला. आम्ही मागच्या सहा महिन्यांच्या चिठ्ठ्या मागितल्या. त्याने दोनच जपून ठेवल्या होत्या. बाकीच्या शोधायला मायलेक लगेच घरी गेले.