स्मारके : घर कोणाचे, वस्तू कोणाच्या?

गावोगावची स्मारके पाहत हिंडण्याचा मला नाद आहे. मोठ्या शहरांतल्या वस्तुसंग्रहालयांविषयी पुष्कळ लिहिले जाते. मी म्हणतो ती लहान गावांतली, एस.टी. स्टँडवर उतरून पत्ता विचारत जावे लागते अशी. गावात कोणी मोठा माणूस जन्मलेला असतो. त्याचे घर सरकारने किंवा एखाद्या संस्थेने ताब्यात घेतलेले असते. ओसरीवर अर्धपुतळा, भिंतींवर तसबिरी, आत पलंग, पगडी, लिहिण्याचे डेस्क, तांब्यापितळेची भांडी आणि बहुधा दर्शनी भागी वंशवृक्ष. शाळेच्या सहली येतात, मुले रांगेने आत जातात आणि रांगेने बाहेर पडतात. आपण काय पाहिले हे त्यांना कोणी विचारत नाही.

आपल्या चळवळीने स्मारकांसाठी मोर्चे काढले, जागा मिळवल्या, पुतळे उभे केले. ते करायलाच हवे होते. परंतु स्मारक नावाची ही वस्तू मुळात कशी बनते, तिच्यात काय टिकते आणि काय गळते, याचा विचार आपण फारसा केलेला नाही.

घर टिकायला ते आधी मालकीचे असावे लागते. ते दगडाविटांचे असावे लागते. दोन-तीन पिढ्या वारसांनी त्यात राहावे लागते, म्हणजे आजोबांची काठी माळ्यावर पडून राहते. शिवाय घरात लिहिणारा-वाचणारा असावा लागतो, म्हणजे पत्रे आणि खतावण्या शिल्लक उरतात. या साऱ्या गोष्टी कोणाकडे होत्या? रत्नागिरीच्या टिळक आळीत लोकमान्यांचे जन्मघर आहे. 1856 साली ज्या घरात मूल जन्मले ते घर आज पाहता येते, कारण ते उभे राहील असे बांधलेले होते आणि पडू नये म्हणून कोणीतरी जबाबदार होते. त्याच काळात त्याच जिल्ह्यातल्या महारवाड्यांत आणि चांभारवाड्यांत जन्मलेल्या मुलांची घरे कुठे आहेत? कुडाच्या भिंती आणि गवताचे छप्पर चार पावसाळ्यांत मातीला मिळते. जागा गावकीची किंवा खोताची. वस्तू म्हणाव्यात तर एक मडके, एक घोंगडी, एक कुऱ्हाड. त्या झिजेपर्यंत वापरल्या गेल्या. गरिबाघरची वस्तू संग्रहालयात जाण्याइतकी जुनी होऊच शकत नाही, ती त्याआधीच संपते. म्हणजे घर अधिक वस्तू बरोबर स्मारक हे जे सूत्र आहे, तेच मुळात वाडेवाल्यांच्या मापाचे आहे. त्या मापाचा सदरा आपण आपल्या माणसांना घालू लागलो, की तो कुठे तोकडा पडतो तर कुठे लोंबतो.

वाटेगावचे उदाहरण घ्या. सांगली जिल्ह्यात वाळवे तालुक्यात हे गाव. 1 ऑगस्ट 1920 रोजी अण्णा भाऊ साठे इथल्या मांगवाड्यात जन्मले. गावात त्यांचे स्मारक आहे. पण पोरवयातच ते घरच्यांबरोबर पायी मुंबईला निघाले, आणि त्यांचे लेखन झाले ते मुंबईत. घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत ते राहत. 1944 साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. पथकाची रंगभूमी म्हणजे गिरण्यांचे दरवाजे, चाळींची पटांगणे आणि मैदाने. आता या माणसाच्या पलंगाचा आणि डेस्कचा शोध काय घ्यायचा? त्यांचे खरे सामान म्हणजे आवाज, डफ आणि समोरची गर्दी. ते काचेच्या कपाटात मावत नाही. मावत नाही म्हणून आपण काय करतो? पुतळा बसवतो. पुतळा हे आपल्याकडे वस्तूंच्या अभावाचे उत्तर झाले आहे.

दुसरी गोष्ट जन्मस्थानाची. गावोगावी फलक दिसतो तो 'जन्मस्थान' असा. 'कार्यस्थान' असा फलक क्वचितच. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या समाजात स्मारकाची जागाही जन्मावरूनच ठरावी, यात नवल नाही. पण आपणही तोच पायंडा पाळावा का? नायगाव सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात. 3 जानेवारी 1831 रोजी सावित्रीबाई इथे जन्मल्या. त्यांचे माहेरचे घर दुरुस्त करून जपले आहे, शेजारी स्मारक आहे, 3 जानेवारीला बायकांची मोठी गर्दी लोटते. मला ते गाव आवडते. तिथे येणाऱ्या बाया दर्शनाला आल्यासारख्या येत नाहीत, माहेरी आल्यासारख्या येतात. पण सावित्रीबाई नायगावात राहिल्या नऊ वर्षे. 1840 साली लग्न होऊन त्या गेल्या. ज्या पुण्यात 1848 साली शाळा उघडली, त्या पुण्यातल्या भिडेवाड्याचे काय झाले? तो वर्षानुवर्षे मोडकळीला आला, कज्जे चालले, आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन अखेर डिसेंबर 2023 मध्ये तो पाडला गेला, नवे स्मारक बांधण्यासाठी. जन्माची भिंत शाबूत राहिली, कामाची भिंत पडली.

महूचेही असेच. बाबासाहेब 14 एप्रिल 1891 रोजी तिथे जन्मले, कारण सुभेदार रामजी पलटणीच्या शाळेत नोकरीला होते. बदली दुसरीकडे असती तर जन्मस्थान दुसरीकडे असते. महूला लाखो लोक जातात, त्यांच्या श्रद्धेविषयी मला काही म्हणायचे नाही. तिकडे जाणाऱ्याने एकदा साताऱ्यालाही जावे, एवढेच.

साताऱ्याला आपल्याजवळची सर्वांत मोलाची वस्तू आहे, असे माझे मत आहे. ते एक शाळेचे रजिस्टर आहे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात (आजचे प्रतापसिंह हायस्कूल) इंग्रजी पहिलीच्या वर्गात एक मुलगा दाखल झाला. रजिस्टरात 1914 या क्रमांकापुढे त्याचे नाव आहे : भिवा रामजी आंबेडकर. शाळेने ते रजिस्टर जपले आहे. 2017 पासून राज्य शासन 7 नोव्हेंबर हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. एका ओळीची नोंद. परंतु तिच्यात काय नाही? हजारो वर्षे ज्यांना अक्षराची बंदी होती, त्यांच्यातल्या एका मुलाचे नाव सरकारी शाईने सरकारी वहीत, इतर मुलांच्याच रांगेत लिहिले गेले आहे. वर्गात त्याला कुठे बसवत, पाणी कसे देत, हे आपल्याला माहीत आहे. वहीत मात्र त्याची ओळ इतरांच्या ओळीइतकीच रुंद आहे. पलंग आणि पगडी पाहून मला असे कधी वाटले नाही.

मग सवर्ण थोरांची घरे पाहूच नयेत काय? असे कोणी समजू नये. ती जरूर पाहावीत, पण डोळे उघडे ठेवून. मी गेलो की तीन-चार प्रश्न मनाशी धरतो. या घरात पाणी कोण भरत असे? गोठ्यातले मेलेले ढोर कोण ओढून नेई? मागचे दार कोणासाठी होते? आणि या थोर माणसाने आपल्याविषयी काय म्हटले होते? वेदोक्त प्रकरणात टिळकांनी शाहू महाराजांविरुद्ध बाजू घेतली, ही 1901 सालची गोष्ट छापील आहे. शिक्षकाने ती सहलीतल्या मुलांना त्या घराच्या अंगणातच सांगावी. त्याने लोकमान्यांचे लोकमान्यपण उणे होत नाही. मुलांचे ज्ञान मात्र वाढते.

एका तालुक्याच्या गावी (नाव सांगत नाही) अशाच एका घरात मी गेलो होतो. दुपारची वेळ, पाहुणा मी एकटाच. झाडलोट करणारा माणूस सोबत आला. फलकांवर होते त्यापेक्षा त्याला जास्त माहीत होते : कोणती खोली बाळंतिणीची, कोणता दगड कुठून आणलेला. बोलता बोलता तो म्हणाला, 'आमचा आजा या घरची लाकडं फोडायचा, पण उंबऱ्याच्या आत कधी आला नाही. आता किल्ली माझ्याकडं असते.' हे वाक्य त्या संग्रहालयात कुठेही लिहिलेले नाही. मला विचाराल तर दाराशी पहिला फलक याचा हवा.

मालगुंडला हा प्रश्न वेगळ्या रीतीने समोर येतो. गणपतीपुळ्याजवळच्या या गावी केशवसुतांचे जन्मघर आणि 1994 साली उभे राहिलेले स्मारक आहे. कवींच्या नावाने महाराष्ट्रात इतके नेटके काम दुसरीकडे मी पाहिले नाही. आवारात कविता शिळांवर कोरल्या आहेत. या कवीने 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' ही कविता लिहिली, हे आपण कृतज्ञतेने आठवतो. तरी मनात येतेच की प्रश्न ज्याने लिहिला त्याचे घर आहे. प्रश्न ज्याला पडला त्याच्या घराची जागा कोण दाखवील? ही केशवसुतांविषयीची तक्रार नव्हे. ते काम आपले आहे.

कोल्हापूरला तर दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत. नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात शस्त्रे आहेत, पेंढा भरलेली जनावरे आहेत. शिकारीचे वाघ मुले डोळे विस्फारून पाहतात. पण 26 जुलै 1902 च्या जाहीरनाम्याने नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्यांना राखून ठेवणारा राजा वाघांवरून कसा ओळखायचा? गंगाराम कांबळे हा राजवाड्याच्या पागेतला नोकर. पाण्याला शिवला म्हणून त्याला मारहाण झाली. महाराजांनी त्याला भांडवल देऊन चहाचे हॉटेल काढायला लावले, आणि तिथे ते स्वतः जाऊन, बरोबरच्या सवर्ण मंडळींना घेऊन चहा पीत. त्या हॉटेलातली एक कपबशी मला शंभर तलवारींपेक्षा मोलाची वाटते. महाराजांच्या पश्चात त्यांच्या पहिल्या स्मारकासाठी पुढाकार घेतला तोही याच गंगाराम कांबळ्यांनी.

वस्तू जपण्याचे काम आपल्याकडे कोणी केलेच नाही असे नाही. नागपूरजवळच्या चिचोलीला शांतिवन आहे. 1956 च्या दीक्षा समारंभाच्या आयोजनातले वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांचे कोट, टोपी, टंकयंत्र अशा वस्तू तिथे गोळा केल्या. त्यांतल्या पुष्कळशा नानकचंद रत्तू यांनी दिल्लीत जिवापाड सांभाळलेल्या होत्या. सरकारी मदतीची वाट न पाहता झालेले हे काम आहे. मात्र कापड श्रद्धेने टिकत नाही. लोकरीला कसर लागते, सुताला ओल खाते, रंग उन्हाने विटतो. पुढे या कपड्यांवर रासायनिक प्रक्रिया करून घ्यावी लागली.

कार्यकर्त्यांनी यातून थोडे तंत्र शिकून घ्यावे. जुना कागद प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करू नये. उष्णतेने ते प्लास्टिक कागदाला कायमचे चिकटते आणि मग काढता येत नाही. चिकटपट्टी लावू नये, तिचा डाग पुढे कागद खातो. खिडकीसमोर फोटो टांगू नये. पूर्वी पोथ्या कोरड्या कापडाच्या बासनात बांधून ठेवत, ती रीत चांगली आहे. फोटोच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने, न दाबता, माणसांची नावे, गाव आणि साल लिहावे. आपल्या घराघरांत मोर्च्यांचे, परिषदांचे, दीक्षेला निघालेल्या गाड्यांचे फोटो आहेत आणि त्यांतल्या माणसांची नावे सांगणारी म्हातारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत. त्यांचे बोलणेही टिपून घ्यावे. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी गावोगावी हिंडून चळवळीतल्या बायांना बोलते केले म्हणून 1989 साली 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ झाला. त्या बायांपाशी कपाटात ठेवण्याजोगे काही नव्हते, तोंडी मात्र सगळे होते. जलशांच्या हस्तलिखित वह्यांचेही तेच. त्या रद्दीत जाण्याआधी कोणीतरी दारात जाऊन उभे राहिले पाहिजे.

शिक्षकांसाठी याहून सोपे काम आहे. प्रत्येक जुन्या शाळेत जनरल रजिस्टर असते. मुलाचे नाव, जात, जन्मतारीख, दाखल केल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण असे रकाने त्यात असतात. आपल्या शाळेचे सर्वांत जुने रजिस्टर हेडमास्तरांच्या परवानगीने खाली काढावे, धूळ झटकावी आणि आपल्या वस्तीतल्या पहिल्या मुलाचे नाव कोणत्या साली आले ते पाहावे. मग पहिल्या मुलीचे. शाळा सोडल्याच्या रकान्यात काय कारण लिहिले आहे, तेही उतरून घ्यावे.