मनगट सुटतं कसं?

भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात आसगाव आहे. अशा गावातल्या मुलीचं मनगट कुणी वाटेत धरलं, तर तिच्याकडे ब्लॅक बेल्ट असायलाच हवा असं नाही. चार डाव अंगवळणी पडलेले असले तरी पुष्कळ झालं. वेगवेगळ्या विद्यांतलं कामाचं तेवढं उचलणाऱ्या मिश्र युद्धकला नेमकं हेच शिकवतात.

अशाच एका युद्धकलेचे, क्राव मागाचे, जनक इमी लिख्टेनफेल्ड यांचा जन्म 1910 चा, बुडापेस्टचा. वाढले ते ब्रातिस्लाव्हात. मुष्टियुद्ध आणि कुस्ती दोन्हींत ते तरबेज होते. 1930 च्या दशकात ज्यू वस्तीवर चालून येणाऱ्या टोळ्यांशी त्यांची गाठ पडली, तेव्हा पंच आणि नियम आखाड्यातच राहतात हे त्यांना उमगलं. त्या अनुभवातून क्राव मागा घडली आणि पुढे इस्रायली सैन्यात शिकवली गेली. ब्रूस ली यांनीही विंग चुन, मुष्टियुद्ध आणि फेन्सिंगमधून वेचून जीत कुन डो ही युद्धकला उभी केली.

ही परंपरा मुंबईतही पोचली. गोवा मुक्तिसंग्रामातले सैनिक रमाकांत सिनारी यांच्या कन्या डॉ. सीमा राव यांनी ब्रूस ली यांचे शिष्य रिचर्ड बुस्तिलो यांच्याकडून जीत कुन डो शिकून घेतली. पती दीपक राव यांच्यासह त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ भारतीय जवानांना विनामोबदला प्रशिक्षण दिलं.

आता मनगटाचं पाहू. घाबरलेला माणूस हात सरळ मागे ओढतो. मग झुंज निव्वळ ताकदीची होते आणि बळकट माणूस जिंकतो. पण पकडीत एक फट असते: अंगठा आणि बोटांची टोकं जिथे भेटतात तिथे. आपल्या मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवायची, एक पाऊल पुढे टाकून आपलं कोपर पकडणाऱ्याच्या कोपराकडे न्यायचं आणि अंगठ्याच्या बाजूने झटका द्यायचा. चार बोटांशी न झगडता एकट्या अंगठ्याशी लढत होते.

मागून गळ्याभोवती हात आला, तर आधी तो दोन्ही हातांनी खाली ओढायचा आणि हनुवटी हल्लेखोराच्या कोपराच्या खोबणीत वळवायची, म्हणजे श्वासनलिका मोकळी राहते. त्यानंतर टाच त्याच्या पावलावर, कोपर बरगडीत. सुटका होताच ओरडत माणसांकडे धावायचं आणि 112 ला फोन लावायचा. तिथे थांबून लढायचं नाही.

कायदाही पाठीशी आहे. भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 स्वसंरक्षणाचा हक्क देतात, मात्र गरजेपुरत्याच बळाचा.

समग्र शिक्षा अभियानात सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षणाची तरतूद आहे. शाळेत ते होतं का, हे पालकांनी मुख्याध्यापकांना जरूर विचारावं. शिकलेले डाव घरी बहिणीबरोबर किंवा मैत्रिणीबरोबर रोज पाच मिनिटं घोटावेत, आधी सावकाश, मग वेगाने.