ऑन्कोसायटोमा (मूत्रपिंड)

ऑन्कोसायटोमा ही मूत्रपिंडात होणारी, सहसा कर्करोगाची नसलेली, विरळ गाठ आहे. मूत्रपिंडाच्या गाठींपैकी सुमारे ३ ते ७ टक्के गाठी या प्रकारच्या असून त्या प्रामुख्याने साठी ओलांडलेल्या व्यक्तींमध्ये आढळतात. बहुतेकांना काहीच त्रास नसतो. अन्य कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत गाठ अनपेक्षितपणे दिसते.

निदान

ही गाठ निरुपद्रवी असली तरी सीटी स्कॅनमध्ये ती कर्करोगाच्या गाठीसारखीच दिसते. काही गाठींच्या मध्यभागी चांदणीच्या आकाराचा व्रण असतो. परंतु तो कर्करोगातही आढळत असल्याने त्यावर विसंबता येत नाही. बायोप्सीचा उपयोग होतो, तथापि क्रोमोफोब प्रकारच्या कर्करोगाच्या पेशी हिच्या पेशींशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात की कधीकधी शंका उरतेच. परिणामी अनेक रुग्णांत खरे निदान शस्त्रक्रियेनंतर होते.

दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया

२५ जून १९९० रोजी अमेरिकेतील सेंट लुईस येथे राल्फ क्लेमन व सहकाऱ्यांनी ८५ वर्षांच्या एका महिलेचे मूत्रपिंड दुर्बिणीद्वारे काढले. जगातील अशी ही पहिली शस्त्रक्रिया सुमारे सात तास चालली. मूत्रपिंड पोटातच पिशवीत घालून, बारीक करून, लहानशा छिद्रातून बाहेर घेण्यात आले. त्यातील सुमारे ३ सेंटिमीटरची गाठ ऑन्कोसायटोमा निघाली. त्याच वर्षी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढून भारतात या तंत्राचा पाया घातला.

एवढ्या लहान गाठीसाठी संपूर्ण मूत्रपिंड काढणे आता शक्यतो टाळले जाते. मधुमेह व रक्तदाबामुळे वृद्धांच्या मूत्रपिंडाची क्षमता आधीच घटलेली असू शकते. म्हणून शक्य तेथे रक्तपुरवठा काही मिनिटे थांबवून केवळ गाठ काढतात. जखम लहान असल्याने वेदना कमी होतात व रुग्ण लवकर हिंडू-फिरू लागतो. मात्र पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूचा आणि भुलीचा ताण हृदय व फुप्फुसांवर पडतोच. प्रकृती नाजूक असल्यास ठरावीक काळाने तपासणी करत गाठीवर केवळ लक्ष ठेवणे, हाही मान्य उपाय आहे.

कोल्हापुरात ‘थोरला दवाखाना’ म्हणून ओळखले जाणारे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय (सीपीआर) राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, वर्षाला प्रतिकुटुंब ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते.