सुनेच्या गोळ्या आणि आजींची भीती

गर्भवती सुनेच्या औषधांची पिशवी घेऊन एक आजी दवाखान्यात आल्या. सुनेला तिसरा महिना. शाळेपासून अपस्माराचा, म्हणजे फिट्सचा विकार. ‘‘डॉक्टर, या गोळ्यांनी बाळाला पुढे कॅन्सर होतो म्हणे. म्हणून दोन दिवस दिल्या नाहीत.’’ मी आधी सुनेला फोन करून गोळी सुरू करावयास सांगितले. मग आजींशी बोललो.

भीती अगदीच निराधार नव्हती. फेनिटॉइन घेणाऱ्या मातांच्या काही बालकांत न्यूरोब्लास्टोमा हा कर्करोग आढळल्याच्या तुरळक नोंदी १९७०च्या दशकापासून आहेत. परंतु तुरळक नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही. डेन्मार्क, नॉर्वे व स्वीडन येथील सुमारे ३४ लाख बालकांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अपस्मार असलेल्या मातांची २७,७८४ मुले होती. फिट्सच्या औषधांमुळे कर्करोग वाढल्याचे दिसले नाही. संशय आला तो भलत्याच गोळीवर, फॉलिक अ‍ॅसिडवर! ते मोठ्या मात्रेत, सरासरी ४.३ मिलिग्रॅम, घेतलेल्या अपस्मारग्रस्त मातांच्या मुलांत धोका सुमारे २.७ पट आढळला. हा आकडा अवघ्या १८ रुग्णबालकांवर उभा आहे, हेही ध्यानात घ्यावे. अपस्मार नसलेल्या मातांच्या मुलांत अशी वाढ आढळली नाही.

आपल्याकडे औषधाच्या दुकानात सर्रास मिळणारी फॉलिक अ‍ॅसिडची गोळी ५ मिलिग्रॅमची असते; सरकारी लोहगोळीत ते अर्धा मिलिग्रॅम असते. बाळाचा मज्जारज्जू नीट घडण्यासाठी फॉलिक अ‍ॅसिड आवश्यकच आहे, म्हणून ते बंद करू नये. मात्रा किती, एवढे मात्र मेंदूविकारतज्ज्ञांना व प्रसूतितज्ज्ञांना अवश्य विचारावे.

खरी काळजी व्हॅल्प्रोएटची. त्यामुळे दर शंभरांत सुमारे दहा बालकांत जन्मजात व्यंगे आढळतात, बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होतो. ते बदलायचे तर दिवस राहण्यापूर्वी, तज्ज्ञांच्या सल्ल्याने व हळूहळू. औषध एकाएकी तोडल्यास झटक्यांमागून झटके येऊन माता व गर्भ दोघांचेही प्राण धोक्यात येतात.

आजींनी सुनेचा आजार लपवला नव्हता, याचे मला कौतुक वाटले. १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हे विवाह रद्द ठरवण्याचे कारण होते; घरोघरची लपवालपवी अजून सरलेली नाही. पुण्यातच यशोदा वाकणकर यांची ‘संवेदना’ संस्था या रुग्णांसाठी काम करते, हे मी त्यांना सांगितले. पिशवी आवरताना आजींनी विचारले, ‘‘रात्रीची गोळी जेवणाआधी की नंतर?’’