संग्रहालयात माणूस कोणत्या कपाटात?

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागात, त्या वेळच्या नाताळ आणि आजच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतात, पीटरमॅरित्झबर्ग नावाचे एक जुने शहर आहे. केप वसाहतीतून बैलगाड्या जुंपून निघालेल्या बोअर शेतकऱ्यांनी ते १८३८ साली वसविले. पुढे १८४३ साली इंग्रजांनी नाताळ ताब्यात घेतले आणि हे शहर त्यांच्या कारभाराचे ठाणे झाले. या शहराच्या रेल्वे स्टेशनवर ७ जून १८९३ च्या रात्री मोहनदास गांधी या तरुण वकिलाला, खिशात पहिल्या वर्गाचे तिकीट असताना, केवळ कातडीच्या रंगामुळे डब्याबाहेर काढण्यात आले. मार्च १९६१ मध्ये नेल्सन मंडेला यांनी याच शहरातील परिषदेत भाषण केले, आणि पुढच्याच वर्षी, ५ ऑगस्ट १९६२ रोजी, जवळच्या हॉविक गावाच्या रस्त्यावर पोलिसांनी त्यांना पकडले.

या घटना अनेकांना ठाऊक असतात. परंतु याच शहरात १९८७ साली आणखी एक घटना घडली. तिची चर्चा आपल्याकडे झालेली नाही. त्या वर्षी तेथे दक्षिणेकडील आफ्रिकेतील वस्तुसंग्रहालयांत काम करणाऱ्या मंडळींची परिषद भरली. त्यांची संघटना १९३६ साली स्थापन झालेली. संचालक, अभिरक्षक, संशोधक असे लोक दरवर्षी जमायचे, निबंध वाचायचे, आपल्या अडचणी बोलायचे आणि घरी जायचे. या वेळी मात्र त्यांच्यासमोर एक अवघड प्रश्न उभा राहिला: आपण जो इतिहास काचेच्या कपाटात मांडून ठेवला आहे, तो नेमका कोणाचा?

वाचकांपैकी काहीजण म्हणतील, म्युझियमचे आपल्याला काय? सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन जायचे, पेंढा भरलेला वाघ दाखवायचा, राजाची तलवार दाखवायची आणि बाहेर येऊन भेळ खायची. पण गोष्ट इतकी साधी नाही. ज्याने कचेरीत नोकरी केली आहे त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. जे आवक रजिस्टरमध्ये नोंदले गेले नाही, ते कागदोपत्री आलेच नाही. अर्ज खरा, माणूस खरा, त्याची तक्रार खरी, पण नोंद नाही म्हणजे काहीच नाही. वस्तुसंग्रहालय हे एका देशाचे असेच मोठे रजिस्टर आहे. तेथे वस्तू येते, तिला क्रमांक पडतो, ती कोणत्या दालनात ठेवायची ते ठरते आणि तिच्याखाली दोन ओळींची पाटी लागते. ज्यांच्या हाती हे रजिस्टर, त्यांच्या हाती पुढच्या पिढीची आठवण. शाळेतली मुले रांगेने येतात, पाटी वाचतात आणि तेच खरे मानतात.

दक्षिण आफ्रिकेत हे रजिस्टर गोऱ्यांच्या हाती होते. त्यांनी ते कसे लिहिले ते पाहण्यासारखे आहे. केपटाऊनचे साउथ आफ्रिकन म्युझियम १८२५ साली स्थापन झाले. तेथे मासे, पक्षी, देवमाशांचे सांगाडे आहेत. १९०७ ते १९२४ या काळात या संग्रहालयाने खोई व सान (यांतील सान लोकांना गोरे लोक 'बुशमन' म्हणत) अशा जिवंत माणसांच्या अंगावर प्लॅस्टर चढवून त्यांचे साचे घेतले आणि त्यावरून हुबेहूब पुतळे बनविले. हे काम करणारे जेम्स ड्रुरी हे जनावरांत पेंढा भरण्याच्या कामातले कारागीर होते. ज्यांचे साचे घेतले त्यांच्यात कैदी होते, गोऱ्यांच्या शेतावर राबणारे मजूर होते. पण पुढे त्याच पुतळ्यांना कातड्याची वस्त्रे नेसवून, हाती धनुष्य देऊन, जुन्या काळच्या शिकारी टोळीचा देखावा उभारण्यात आला. गोऱ्यांच्या शेतावर मोलमजुरी करणारा माणूस असा अश्मयुगातला करून टाकला. त्याचे नाव काय, त्याची जमीन कोणी घेतली, त्याला तुरुंगात का टाकले, हे पाटीवर कोठेही नव्हते.

याहून मोठी गोष्ट १९६० नंतरच्या दशकात घडली. १९६४ साली या संग्रहालयाची वाटणी झाली. गोऱ्यांची भांडीकुंडी, फर्निचर, चांदीच्या वस्तू, पोशाख हे सारे 'सांस्कृतिक इतिहास' म्हणून वेगळे काढून दुसऱ्या इमारतीत नेण्यात आले. काळ्या माणसांच्या वस्तू आणि ते पुतळे मात्र जुन्याच जागी, प्राण्यांच्या आणि जीवाश्मांच्या शेजारी राहिले. म्हणजे गोऱ्यांना संस्कृती आणि इतिहास, तर काळ्यांना निसर्ग! कोणीही उघड शिवी दिली नाही, अपमानाचा एक शब्द लिहिला नाही. फक्त कपाट बदलले. आपल्या वाचकांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि तो सांस्कृतिक इतिहास ज्या इमारतीत नेला, ती इमारत कोणती? डच ईस्ट इंडिया कंपनीने १६७९ साली आपले गुलाम कोंडून ठेवण्यासाठी बांधलेली ती वास्तू होती. त्या गुलामांत आफ्रिकेच्या इतर भागांतून, मादागास्करहून, इंडोनेशियाच्या बेटांवरून आणलेले लोक होते, तसेच आपल्या बंगाल, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून नेलेली माणसेही होती. त्याच भिंतींच्या आत पुढे गोऱ्यांची चांदीची भांडी चकाकत राहिली आणि गुलामांची कहाणी मुकी राहिली.

आता पीटरमॅरित्झबर्गकडे वळू. तेथे दोन प्रमुख संग्रहालये. एक नाताळ म्युझियम, मुख्यतः निसर्गशास्त्राचे. दुसरे व्होरट्रेकर म्युझियम, म्हणजे बैलगाड्यांतून आलेल्या बोअर लोकांचे. १६ डिसेंबर १८३८ रोजी बोअरांनी झुलूंचा लढाईत पराभव केला. त्या लढाईपूर्वी देवाला घातलेल्या शपथेची आठवण म्हणून सांगितले जाणारे चर्च येथे उभे आहे आणि १९१२ पासून तेच संग्रहालय होते. त्यातली गोष्ट एकाच बाजूची होती. देवाने आपल्याला विजय दिला, जमीन दिली, आपण येथे नांगर आणला. झुलू आले ते फक्त शत्रू म्हणून.

गोऱ्या राज्यकर्त्यांचा एक आवडता सिद्धान्त होता, आणि तो शाळेच्या पुस्तकांतूनही शिकवला जाई. आम्ही आलो तेव्हा ही भूमी मोकळीच होती, काळे लोकही आमच्याच सुमारास उत्तरेकडून आले, म्हणून जमिनीवर त्यांचा हक्क आमच्यापेक्षा जुना नाही! हा सिद्धान्त निव्वळ खोटा होता. नाताळमध्ये जमीन उकरून संशोधकांनी जुन्या वस्त्या शोधल्या होत्या. लोखंड वितळविणारे, धान्य पिकविणारे, मातीची सुबक भांडी घडविणारे आफ्रिकन शेतकरी तेथे गोऱ्यांच्या आधी किमान हजार-बाराशे वर्षे राहत होते, हे सिद्ध झाले होते. पुरावा हाती होता. पण कपाटांत काय दिसे? मण्यांच्या माळा, ढाली, भाले, गवताची झोपडी. जणू झुलू माणूस कालही असाच होता, आजही असाच आहे, त्याला इतिहासच नाही.

हा मुद्दा १९८७ साली संशोधक जॉन राइट आणि ॲरन मेझल यांनी एका निबंधात उघडपणे मांडला. नाताळ आणि क्वाझुलूतील संग्रहालये ही एका विचारसरणीचे बुरूज आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. संग्रहालयाच्या माणसांना हे झोंबणारच. आम्ही तर शास्त्रज्ञ, आम्हाला राजकारणाशी काय देणे-घेणे, असे म्हणण्याची त्यांना सवय होती. परंतु ज्या देशात बाक वेगळे, बसगाड्या वेगळ्या, समुद्रकिनारेही वेगळे, त्या देशात फक्त संग्रहालय तेवढे निर्मळ कसे राहील? १९८३ च्या नव्या घटनेने तर सरकारी खात्यांची 'आपापल्या' आणि 'सर्वसाधारण' अशी वंशवार वाटणी केली होती, आणि तिच्या कचाट्यात संग्रहालयेही सापडली होती.

परिषदेच्या बाहेरची परिस्थितीही ध्यानात घ्यावी. जून १९८६ पासून देशभर आणीबाणी होती. हजारो माणसे चौकशीविना तुरुंगात होती. पीटरमॅरित्झबर्गच्या शेजारच्या एडनडेल आणि इंबाली या काळ्यांच्या वस्त्यांत १९८७ सालीच रक्तपात वाढला, घरे जळाली. अशा वेळी सभागृहात बसून जुन्या वस्तूंवरील धूळ कशी झटकावी एवढीच चर्चा करणे शक्य नव्हते. बदलत्या आणि दुभंगलेल्या समाजात संग्रहालयाने काय करावे, हा विषय घ्यावाच लागला.

अखेर परिषदेने एक जाहीरनामा संमत केला. तो पीटरमॅरित्झबर्गचा जाहीरनामा म्हणून ओळखला जातो. त्याचा मथितार्थ असा की, संग्रहालये जो वारसा जपतात तो दक्षिण आफ्रिकेतील सर्व लोकांचा आहे, आणि संग्रहालयांनी हे आपल्या कामातून निःसंदिग्धपणे दाखवून द्यावे.

आता कोणी म्हणेल, ठराव तर ढीगभर होतात. सभागृहात बसलेले बहुतेक गोरेच होते, ज्यांच्याविषयी ठराव झाला ते बाहेर होते. ही टीका रास्त आहे. त्या ठरावाने दुसऱ्या दिवशी एकही पाटी बदलली नाही, केपटाऊनचे ते पुतळे जागचे हलले नाहीत. परंतु सरकारी पगारावरील माणसांनी, आणीबाणीच्या काळात, आपल्या सहीशिक्क्याच्या कामात अन्याय आहे असे कागदावर मान्य करणे हीदेखील छोटी गोष्ट नव्हे. एकदा कागदावर आले की त्यावर बोट ठेवून जाब विचारता येतो. मात्र खरा बदल व्हायला लोकांचा लढा आणि लोकांचे राज्य लागले. १९९० साली मंडेला सुटले, १९९४ साली सर्वांना मतदानाचा हक्क मिळून नवे सरकार आले आणि मग कपाटांची कुलुपे उघडू लागली.

१० डिसेंबर १९९४ रोजी केपटाऊनच्या एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये 'डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम' सुरू झाले. डिस्ट्रिक्ट सिक्स ही कामगारांची, कारागिरांची, नाना जातीधर्मांच्या लोकांची गजबजलेली वस्ती. सरकारने ती १९६६ साली गोऱ्यांसाठी राखीव ठरविली आणि पुढे साठ हजारांहून अधिक माणसांना हुसकावून घरांवर बुलडोझर फिरविला. या संग्रहालयात सोन्याचांदीचे काही नाही. पाडकामावरील एका मुकादमाने जपून ठेवलेल्या गल्ल्यांच्या नावांच्या पाट्या तेथे टांगल्या आहेत. जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा पसरला आहे आणि उठवलेल्या माणसांनी येऊन त्यावर आपापल्या घराच्या जागी आपले नाव लिहिले आहे. येथे रजिस्टर लोकांच्याच हाती आले! झोपडपट्टी तोडण्याच्या नोटिशीचा कागद ज्यांनी हातात धरला आहे, त्यांना त्या नकाशाची किंमत कळेल.

दरबान शहरात काळ्या मजुरांना राहण्या-काम करण्याच्या परवान्यासाठी ज्या कचेरीसमोर ताटकळत रांगा लावाव्या लागत, त्या कचेरीतच क्वामुहले म्युझियम झाले. रॉबेन बेटावरील तुरुंग १९९७ साली संग्रहालय झाला आणि तेथे एकेकाळचे राजकीय कैदीच पाहुण्यांना आपली कोठडी दाखवू लागले. केपटाऊनच्या त्या इमारतीला १९९८ साली 'स्लेव्ह लॉज', म्हणजे गुलामांची कोठी, हे तिचे खरे नाव परत मिळाले. पीटरमॅरित्झबर्गच्या बोअर संग्रहालयानेही म्सुंदुझी हे तेथील नदीचे नाव स्वीकारले आणि झुलूंची व भारतीयांची परंपरा आपल्या आवारात आणली. १६ डिसेंबर हा दिवस आता तेथे सलोख्याचा दिवस म्हणून पाळला जातो.

आणि ते पुतळे? तो देखावा २००१ साली बंद झाला. ठरावाला चौदा वर्षे लोटली होती. पण केवळ झाकून टाकल्याने प्रश्न सुटत नाही, हेही तेव्हा दिसले. ज्यांच्या पूर्वजांचे हे पुतळे, त्यांना आधी नीट विचारले का, असा सवाल उठला. त्याच सुमारास आणखी एका मृत स्त्रीला न्याय मिळाला. सारा बार्टमन ही खोई स्त्री १८१० साली लंडनला नेली गेली, तमाशासारखी दाखविली गेली आणि १८१५ साली पॅरिसमध्ये वारली. तिचे अवशेष तेथील संग्रहालयात दीडशे वर्षांहून अधिक काळ ठेवले होते. मंडेलांनी मागणी केली, फ्रान्सला त्यासाठी कायदा करावा लागला आणि ९ ऑगस्ट २००२ रोजी तिच्या जन्मप्रदेशात, हँकी येथे, तिला मातीत विसावा मिळाला. एक माणूस वस्तू म्हणून नोंदला गेला, तर त्याला पुन्हा माणूस व्हायला किती वर्षे लागतात पाहा!

तात्पर्य, संग्रहालयाच्या मंडळींची परिषद ही फक्त विद्वानांची बाब नाही. पुढच्या वेळी मुलाबाळांना घेऊन कोणत्याही म्युझियममध्ये जाल तेव्हा घाईने पुढे सरकू नका. प्रत्येक कपाटापाशी मुलांना चार प्रश्न विचारायला शिकवा. ही वस्तू कोणी घडविली? ती येथे कशी आली? ही पाटी कोणी लिहिली? आणि या दालनात कोण दिसत नाही? राजाची तलवार दिसली, तर ती घडविणारा लोहार कोठे आहे ते विचारा. उत्तर मिळाले नाही तर दाराशी ठेवलेल्या अभिप्राय वहीत तसे स्वच्छ अक्षरात लिहून या, खाली नाव आणि तारीख घाला. आणि घरी आजीच्या ट्रंकेत जुना फोटो असेल, वडिलांचे गिरणीचे ओळखपत्र असेल, आजोबांचे हत्यार असेल, तर ते रद्दीत घालू नका. त्याच्या मागे नाव, गाव, साल लिहून ठेवा. आपली नोंद आपणच केली पाहिजे.