जुनी यांत्रिक करवत : बार कोणता, साखळी कोणती?

जुन्या वस्तू जमवणे म्हटले की समया, अडकित्ते, फार तर घड्याळे आठवतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ही हौस केवढी थोर होते ते दिसतेच. पण जुनी अवजारे जमवणाराही एक पंथ आहे, आणि त्यातले काही जण लाकूड कापायच्या जुन्या यांत्रिक करवती जमवतात. जाफराबादेत कुणी हिला 'कटर मशीन' म्हणेल. भंगारात अशी एखादी नजरेस पडली, तर आपण आधी इंजिन पाहतो. ते पाहावेच, पण यंत्राचे वय आणि तुमची सुरक्षितता या दोन्ही गोष्टी कळतात त्या बार आणि साखळीवरून.

जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली विजेवर आणि १९२९ साली पेट्रोलवर चालणारी करवत काढली. विजेची चौसष्ट किलोची होती. दोघांनी धरल्याशिवाय चालत नसे. त्या काळच्या साखळीचे दात हातकरवतीसारखे सरळ असत. ते लाकूड खरवडत आणि लवकर बोथट होत. मग अमेरिकेतल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने १९४६ साली ओंडका पोखरणारी भुंग्याची अळी पाहिली. ती डावी-उजवी चावत, दोऱ्याच्या आडवीही आणि उभीही पुढे सरकत होती. त्यावरून त्याने वळणदार दातांची साखळी बनवली, आणि १९४७ पासून ती विकू लागला. आजची साखळी तिचीच लेक. तेव्हा सरळ दातांची मूळ साखळी हाती लागली, तर ती घासूनपुसून, तेल लावून भिंतीवर टांगा. कामाला दुसरी घ्या.

ती घेताना दुकानात 'अठरा इंची द्या' एवढे म्हणून भागत नाही. तीन मापे लागतात. पहिले पिच. लागोपाठच्या तीन रिवेटांमधले, म्हणजे पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतचे, अंतर मोजा आणि निम्मे करा. सुताराच्या भाषेत सांगायचे तर आज सर्रास मिळते ती तीन सुती, म्हणजे तीन अष्टमांश इंच, किंवा अडीच सुताहून किंचित मोठी, ०.३२५ इंची. जुन्या यंत्रांना साडेतीन सूत, चार सूत अशाही साखळ्या असत. त्या आता सहजी मिळत नाहीत. अशा वेळी इंजिनावरची दातेरी चकतीच बदलून तीन सुती करावी लागते. साखळीचे पिच त्या चकतीशी जुळलेच पाहिजे. बारच्या टोकाला फिरते चाक असेल तर त्याच्याशीही. टोक भरीव असेल, तर मात्र बार पिचची फारशी फिकीर करत नाही, ही जुन्या बारची मोठी सोय!

दुसरे माप गेज, म्हणजे खाचेत बसणाऱ्या दुव्याची जाडी : १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर. खाच १.६ ची आणि साखळी १.३ ची घातली, तर साखळी डुलते आणि काप वाकडा जातो. उलट केले तर ती बसतच नाही. तिसरे, त्या आतल्या दुव्यांची संख्या. ती मोजूनच सांगावी, कारण एकाच लांबीच्या दोन बारांना दुवे वेगळे लागू शकतात.

आता लाकूड. ज्या बाभळीतून आपल्याकडे औते आणि बैलगाड्या घडल्या, ती वाळली की लोखंडासारखी होते. शिवाय सालीत माती असतेच. अशा लाकडाला टोकदार कोपऱ्याचा दात उपयोगी नाही, तो लगेच बसतो. गोलसर कोपऱ्याचा दात थोडा सावकाश कापतो पण टिकतो. लांबलचक बारचा मोहही नको. बार लांब तेवढे एका वेळी जास्त दात लाकडात, आणि म्हाताऱ्या इंजिनावर ताण.

एक गोष्ट जरा कठोरपणे सांगतो. बारच्या टोकाचा वरचा चतकोर लाकडाला लागला, की अख्खी करवत उसळून तोंडाकडे येते. साखळी थांबवणारा ब्रेक १९७० नंतरच्या दशकात रूढ झाला. त्याआधीच्या यंत्रांना तो नाही. म्हणून त्यांना उसळी कमी करणारी, दातांमध्ये संरक्षक दुवे असलेली साखळी घ्यावी, आणि टोकाने कधी कापू नये. आंबा, चिंच, सागवान तोडायला १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, हेही विसरू नका. यंत्र आधी वाळक्या ओंडक्यावरच चालवून पाहा.

बऱ्याच जुन्या करवतींत साखळीचे तेल आपोआप येत नाही, अंगठ्याने पंप दाबावा लागतो. तो चालतो का, हे पाहायला यंत्र सुरू करून बारचे टोक पांढऱ्या कागदावर चार बोटे उंच धरा आणि पंप दाबा. कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली, तर लाकडाला हात घाला. नाही उमटली, तर बारमधले तेलाचे भोक आधी तारेने साफ करा.